माल्टा : नदी नसलेल्या बेटावर तीन आठवडे

खामकाठ

जुलैत आमच्या भूजलशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा उन्हाळी अभ्यासदौरा माल्टाला होता. आम्ही चौदा विद्यार्थी, दोन प्राध्यापक आणि भाड्याच्या दोन गाड्या. परत आल्यापासून इथल्या तिघाचौघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून सगळं एकाच धाग्यात लिहिते. निळ्या पाण्याच्या किनाऱ्यांबद्दल यात फार नाही. मी ते बेट गोड्या पाण्याच्या मागे मागे हिंडून पाहिलं.

माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात असलेली तीन बेटं : माल्टा, गोझो आणि मधलं चिमुकलं कोमिनो. तिन्हींचं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. त्यात पाच लाखांवर माणसं राहतात. बारमाही नदी एकही नाही, तळं नाही, बर्फ पडणारा डोंगर नाही. सर्वांत उंच जागा दिंगलीच्या कड्यांपाशी, २५३ मीटर. पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. जूनपासून ऑगस्टपर्यंत आभाळ कोरडं ठाक. मी छत्रपती संभाजीनगरची, टँकरची वाट बघत वाढलेली. विमानातून ते पिवळं, सुकलेलं बेट दिसलं तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की इथे सात हजार वर्षांपासून माणसं राहतात, ती पाणी कुठून आणत असतील?

उत्तर पायाखाली होतं. माल्टाचा खडक म्हणजे चुनखडीचे थर. वर प्रवाळी चुनखडी, तिच्याखाली निळसर चिकणमातीचा थर, मग मऊ पिवळी ग्लोबिजेरिना चुनखडी आणि तळाशी पुन्हा प्रवाळी चुनखडी. पावसाचं पाणी वरच्या चुनखडीतून मुरतं आणि चिकणमातीवर अडतं. जिथे कड्याच्या उतारावर हा थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. अशा जागांच्या नावात ‘आइन’ येतं, आइन म्हणजे झरा. पहिल्या आठवड्यात आम्हाला रोज एक नकाशा देत आणि सांगत, आज नावांवरून झरे शोधा. पंधरापैकी नऊ सापडले. चारांत पाणी होतं.

पिवळ्या चुनखडीला तिकडे ‘फ्रांका’ म्हणतात. ती इतकी मऊ की करवतीने कापता येते आणि हवेत राहून वरून टणक होते. अख्खं बेट तिचंच बांधलेलं आहे. व्हॅलेटा शहर १५६६ मध्ये वसवायला घेतलं, आदल्या वर्षीचा तुर्कांचा मोठा वेढा उठल्यावर. तेव्हा नियमच केला होता की प्रत्येक घराखाली पाण्याची टाकी खोदायची. घरासाठी दगड काढायचा, त्यातून जो खड्डा पडेल त्याची टाकी. धाब्यावरचं पावसाचं पाणी नळीने खाली टाकीत. टाकीचा आकार घंटेसारखा, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं.

आम्ही रबात गावात ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींना सगळे ‘नान्ना’ म्हणत (माल्टीजमध्ये आजीला हाच शब्द). त्यांच्या अंगणात अशी टाकी होती. तोंडावर एकसंध दगडाचं कठडं, त्याच्या कडेवर दोराने पडलेल्या खाचा. बोट आत जाईल इतक्या खोल. मी त्या खाचांवरून बोट फिरवत उभी राहिले तर नान्नांनी पोहरा माझ्या हातात दिला. पाणी गार होतं. त्या म्हणाल्या, आम्ही अजून झाडांना आणि कपड्यांना हेच वापरतो, आणि पहिल्या पावसाचं पाणी आत घेत नाही, धाबं धुऊन निघेपर्यंत नळी बाहेर वळवून ठेवतो. माझी पैठणची आजी पन्हाळीखाली पिंप ठेवताना अगदी हेच सांगायची.

टाक्या गळू नयेत म्हणून आतून गिलावा, आणि धाब्यावर ‘देफ्फुन’. देफ्फुन म्हणजे मडक्यांचा चुरा आणि चुना कुटून केलेला थर. आपली सुरखीच. विटांऐवजी खापरं, एवढाच फरक.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. टाक्यांवर व्हॅलेटाचं भागेना, म्हणून ग्रँडमास्टर विन्याकूर (तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारसंघाचे प्रमुख) यांच्या काळात १६१० ते १६१५ मध्ये रबात-दिंगलीकडच्या झऱ्यांपासून राजधानीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरचा पाणीमार्ग बांधला. आधी एका जेझुइट पाद्र्याने काम हाती घेतलं, पुढे बोलोन्याच्या बोन्तादिनी नावाच्या अभियंत्याने पूर्ण केलं. पाणी पूर्णपणे उतारावर चालायचं. अत्तार्द गावापर्यंत ते जमिनीखालून यायचं, तिथून जमीन खोल जाते म्हणून दगडी कमानींवरून. २१ एप्रिल १६१५ ला व्हॅलेटाच्या राजवाड्यासमोरच्या कारंज्यात पाणी आलं.

मी सांता वेनेराच्या रस्त्यावर त्या कमानींखाली उभी होते. वाहनांची वर्दळ, बसचा थांबा, आणि डोक्यावर ४०० वर्षांची पन्हळ. आणि मला आठवलं, मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं आमचं संभाजीनगर, वसवली तीही १६१० मध्येच. पुढच्या दशकात त्याने डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक नसेल. पण एकाच वेळी, दोन कोरड्या मुलुखांत, दोन माणसांनी नवं शहर पाण्यावाचून उभं राहत नाही हे ओळखलं होतं. मी नहरीच्या मनोऱ्यांशेजारून दहा वर्षं शाळेत गेले आणि ते काय आहेत हे कुणाला विचारलं नाही. ते मला माल्टात कळलं, याचं मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात सिज्जिएवीजवळच्या ता’ कान्द्या उपसा केंद्रात उतरलो. सुमारे शंभर मीटर खाली, समुद्रसपाटीच्या पातळीला, खडकात चारी दिशांना आडवे बोगदे खोदले आहेत. पायाशी गोडं पाणी संथ वाहतं. बाहेर ३८ अंश आणि आत दातावर दात. तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

---

शब्दवेडी

फार सुंदर लिहिलंस. माल्टीज भाषेबद्दल थोडं भर घालते. ती अरबी कुळातली एकमेव भाषा जी रोमन लिपीत लिहितात आणि युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. मुळात सिसिलीतल्या अरबीची लेक, मग इटालियन आणि इंग्रजी शब्दांनी भरलेली. त्यामुळे आपल्यालाही ओळखीचे शब्द भेटतात, कारण मराठीत अरबी शब्द फारसीमार्गे आले. त्यांचं ‘सेना’ म्हणजे वर्ष, आपण ‘सन १६१०’ लिहितो. ‘दिन्या’ म्हणजे दुनिया. ‘हाय्या’ म्हणजे आयुष्य, आपला हयातीचा दाखला. ‘क्तिएब’ म्हणजे किताब. ‘वक्त’ तर लिहिताना तसाच.

शेतीचे शब्द ऐकलेस का?

---

खामकाठ

ऐकले! एका शेतकऱ्याने शेत दाखवताना सांगितलं, ही ‘साउई’ आणि ती ‘बाली’. म्हणजे आपली बागायती आणि जिरायती. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, आणि त्याला समजावलं की आमच्याकडेही जमिनीची पहिली ओळख हीच. मग त्याने पडका ‘सिएन्या’ दाखवला. गाढव जुंपून फिरवायचा, चाकावर मडक्यांची माळ. रहाटगाडगं. त्याच्या आजोबांनी वापरलेलं.

विहिरीला ‘बीर’, पाण्याला ‘इल्मा’, कोरड्या ओढ्याला ‘विएद’. धाब्याला मात्र ‘बेय्त’ म्हणतात, जो अरबीत घराचा शब्द. पाणी गोळा करणाऱ्या माणसांना छप्पर म्हणजेच घर वाटलं असेल, असं मला तिथे वाटून गेलं. हे भाषाशास्त्र नाही, माझ्या मनातलं आहे.

---

जलधर

मी भूजल सर्वेक्षणात तीस वर्षं काढली, बहुतेक कोकणात. तुमचा धागा दोनदा वाचला.

त्या बोगद्यांची गोष्ट इतरांसाठी थोडी उलगडतो, कारण यात सगळी गोम आहे. बेटाच्या पोटातलं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. भिंगासारखा आकार, मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे निमुळतं. ढोबळ नियम असा : समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं. ऐकायला चैनीचं वाटतं. पण उलटा हिशेब करा. उपसा करून वरची पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर चढायला निघतं. खोल बोअर मारून जोरात उपसलं तर पंपाखाली खाऱ्या पाण्याचा शंकू उभा राहतो आणि एकदा बोअर खारं झालं की वर्षानुवर्षं सुधारत नाही. म्हणून ते आडवे बोगदे. खोल न जाता दुधावरची साय काढावी तसं वरवरचं पाणी पसरून घ्यायचं. ही फार शहाणी पद्धत आहे.

गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर मी लोकांना हेच सांगत फिरलो. नारळीच्या बागेत साधी विहीर पिढ्यान्‌पिढ्या गोडी राहिली, शेजारी बोअर मारलं आणि दोन्ही खारी झाली, असं डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिकडे खासगी बोअरची स्थिती काय?

---

खामकाठ

@जलधर काका, ‘दुधावरची साय’ ही उपमा आमच्या प्राध्यापकांना सांगितली, त्यांनी वहीत लिहून घेतली.

बोअर हेच तिथलं दुखणं. शेतांत, हॉटेलांत, बागांत हजारोंनी आहेत, आणि भूजल साठ्याची अवस्था चांगली नाही हे तिथले सरकारी अहवालच म्हणतात. आम्ही ११ बोअरांच्या पाण्याची क्षारता मोजली. किनाऱ्याजवळच्या दोन ठिकाणी यंत्रावरचा आकडा बघून शेतकऱ्याने मान खाली घातली. त्याला ते आधीच ठाऊक होतं, टोमॅटोच्या पानांच्या कडा जळलेल्या होत्या. खतांमुळे नायट्रेटही वाढलंय, म्हणून वरच्या थरातलं बरंचसं पाणी आता पिण्याला चालत नाही.

---

रानवाट

लेख आवडला, पण एक मुद्दा पटला नाही. माल्टा समुद्राचं पाणी गोडं करून पितो. मग टाक्या, कमानी, बोगदे या जुन्या आठवणीच झाल्या ना? प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवला. आपणही किनाऱ्यावर तेच करावं.

---

खामकाठ

@रानवाट, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माल्टा या बाबतीत फार जुना आहे हे खरं. स्लिमाजवळ तिन्ये इथे १८८१ मध्येच ब्रिटिशांनी समुद्राचं पाणी उकळून गोडं करण्याचं केंद्र उभारलं होतं. आर लाप्सीचा उलट परासरणाचा (आपण घरी ‘आरओ’ म्हणतो तोच) प्रकल्प १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला, तेव्हा तो त्या प्रकारातला जगातला सर्वांत मोठ्यांपैकी होता. आज नळाचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्रातून येतं. त्याशिवाय पाच लाख लोक आणि वर्षाला येणारे लाखो पाहुणे तिथे राहूच शकले नसते. हे मी कुठेच नाकारत नाही.

पण ते पाणी म्हणजे वीज. बेटाला स्वतःचं इंधन नाही, सगळं बाहेरून. २०१५ पासून सिसिलीहून समुद्राखालून वीजतार आली आहे. उद्या तार तुटली किंवा समुद्रात तेल सांडलं आणि पाणी ओढणाऱ्या तोट्या बंद कराव्या लागल्या, तर बेट कशावर जगेल? जमिनीखालच्या त्याच गोड्या पाण्याच्या भिंगावर. आणि उरलेलं नळाचं पाणी आजही त्यातूनच येतं, दोन्ही मिसळून देतात. म्हणजे भूजल हा त्यांचा बुडीत ठेवा नव्हे, अडीअडचणीची गंगाजळी आहे. ती खारी होऊ देणं मला परवडणारं वाटत नाही.

दुसरं, नव्या इमारतींतही पावसाची टाकी हवी असा नियम आहे, पण तो सगळीकडे मनापासून पाळला जात नाही असं आम्हाला भेटलेले सगळेच सांगत होते. परिणाम हिवाळ्यात दिसतो. बिर्किर्कारा आणि म्सिदाकडे मोठ्या पावसात रस्त्यांचे ओढे होतात, आणि ते गोडं पाणी तासाभरात समुद्रात जातं. तेच मग विजेने परत गोडं करायचं. नान्नांची टाकी तेव्हा मला जुनी आठवण वाटली नाही.

आणि मराठवाड्याला समुद्र कुठे आहे? आपल्याला शिकायचं असेल तर धाब्यावरची नळी शिकावी.

---

रानवाट

वीज-इंधनाचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. मुंबईसारख्या शहरांबद्दल माझं मत कायम आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.

---

सई_ची_आई

माझी मुलगी पुढच्या उन्हाळ्यात अशाच अभ्यासदौऱ्यावर जाते आहे, १९ वर्षांची आहे. ती पूर्ण शाकाहारी. खाणं, ऊन, सुरक्षितता याबद्दल सांगशील का? नळाचं पाणी पिता येतं का?

---

खामकाठ

काकू, नक्की सांगते.

नळाचं पाणी सुरक्षित आहे, चव मात्र जड लागते. बहुतेक लोक बाटलीचं पितात. आम्ही नळाचंच उकळून, गार करून, लिंबू पिळून प्यायलो, कुणालाही काही झालं नाही.

खाण्याचे हाल होणार नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘पास्तित्सी’ मिळतात, खारीसारखे पापुद्रे आणि आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. पण एक गोष्ट तिला आवर्जून सांगा : त्याचं पीठ परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात. आता बरेच जण मार्गारीन वापरतात, तरी प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यायचं. मला हे चौथ्या दिवशी कळलं. ‘होब्झ बिझ-झेय्त’ मात्र बिनधास्त खावा, पावाला टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि केपर (खारवलेल्या कळ्या). फक्त टूना नको म्हणून सांगायचं. ऑगस्टमध्ये गेली तर फड्या निवडुंगाची फळं खायला मिळतील, गोड आणि थंड.

ऊन ही खरी काळजीची गोष्ट. सावली जवळजवळ नाही, आणि पिवळा दगड सगळं ऊन अंगावर फेकतो. आमच्यातल्या एकीला दिंगलीच्या कड्यावर दुपारी दोनला भोवळ आली. तिने दिवसभरात अर्धा लिटरही पाणी प्यायलं नव्हतं. त्यानंतर आम्ही सकाळी सहाला निघून अकराला परतायचो आणि पुन्हा पाचनंतर बाहेर पडायचो. स्थानिक माणसंही तेच करतात.

रस्त्याने वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पायांचा. इथला चालत नाही. रात्री रबात-व्हॅलेटात मुलींनी फिरण्यात मला भीती वाटली नाही. समुद्रात एकटीने उतरू नये आणि जेलीफिश आहेत का ते आधी विचारावं.

---

दर्यावर्दी

बावीस वर्षं जहाजावर होतो. माल्टाच्या पूर्वेला हर्ड बँक म्हणून उथळ जागा आहे, तिथे नांगर टाकून तेल भरून घ्यायचो. डोळ्यांसमोर बेट आणि उतरायला परवानगी नाही, असं कितीदा झालं. एकदाच सहा तास मिळाले. अप्पर बराक्का बागेतून ग्रँड हार्बर पाहिला, बाराची तोफ ऐकली, आणि मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावी डोळे रंगवलेल्या होड्या पाहिल्या. नाळेच्या दोन बाजूंना दोन डोळे. त्यांना ‘लुत्सू’ म्हणतात. आपल्या होडीला जीव आहे असं मानणारा माणूस कुठल्याही किनाऱ्याचा असो, मला जवळचा वाटतो.

तुम्ही त्या बेटाच्या आत काय आहे ते दाखवलंत. मला ते जहाजावरून कधी दिसलं नसतं.

---

बखरकार

एक भर घालतो. माल्टाशी मुंबईचा एक विसरलेला धागा आहे. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान पेच चिघळला तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने सुमारे ७००० हिंदी सैनिक मुंबई बंदरातून माल्टाला पाठवले. युरोपातल्या पेचासाठी हिंदी फौज तिकडे नेण्याचा हा प्रसंग ब्रिटिश संसदेत बराच गाजला. लढाई झाली नाही. त्यातले बरेच पुढे सायप्रसला गेले.

आणि हायपोजियम पाहिलंत की नाही?

---

खामकाठ

@बखरकार, हे माहीत नव्हतं. ऐन उन्हाळ्यात एवढ्या माणसांना आणि घोड्यांना पाणी कुठून दिलं असेल, हेच आता डोक्यात फिरतंय.

हायपोजियम पाहिलं. दिवसाला ८० माणसांनाच सोडतात, एका वेळी दहा. आमच्या विभागाने फार आधी नोंदणी केली होती. पाओला गावाखाली खडकात कोरलेली तीन मजली दफनभूमी, पाच हजारांहून जास्त वर्षं जुनी, सुमारे ७००० माणसांचे अवशेष. आणि ती सापडली कशी? १९०२ मध्ये नव्या घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना कामगारांचा घाव तिच्या छतातून आरपार गेला. आत छायाचित्र काढू देत नाहीत ते बरंच आहे. लाल गेरूची वेलबुट्टी अंधारात हळूहळू दिसू लागते, ती डोळ्यांनीच बघायची.

म्नाय्द्राच्या प्रागैतिहासिक मंदिरांजवळच्या माळावर मिस्काच्या टाक्या आहेत, खडकात कोरलेल्या. त्या मंदिर बांधणाऱ्यांच्याच असाव्यात असं मानतात. जुलैतही एकीत पाणी होतं. मंदिरांपाशी गर्दी होती, टाक्यांपाशी आम्ही चौदा जण आणि एक पाल.

गोझोबद्दल थोडक्यात : फेरीने पंचवीस मिनिटं. अझूर विंडो नावाची समुद्रातली कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, तरी लोक तिची जागा बघायला जातात. त्यापेक्षा श्वेय्नीची मिठागरं बघा, खडकात कोरलेले चौकोन, अजून मीठ काढतात. आणि किल्ल्यातली धान्याची कोठारं, जी ब्रिटिश काळात पाण्याच्या टाक्या झाली. आत उतरता येतं.

---

जलधर

एक विचारायचं राहिलं. देफ्फुनचा तुकडा जवळून पाहिलात का? चुना आणि खापराचं प्रमाण कुणी सांगितलं? आणि तुम्ही म्हणता ते नहरीचे मनोरे, त्यांचा गिलावा सुरखीचाच असणार, पण मी कधी तपासला नाही. नोकरीच्या काळात दहा वेळा संभाजीनगरला आलो आणि प्रत्येक वेळी जीपमधून पुढे गेलो.

---

खामकाठ

काका, प्रमाण कुणी सांगितलं नाही, पण नान्नांच्या शेजारी एक गवंडीबाबा आहेत, त्यांना पत्र लिहून विचारते. धाब्याच्या दुरुस्तीत निघालेला बोटभर तुकडा त्यांनीच मला दिला होता, तो माझ्या टेबलावर आहे. खापराचे कण डाळीएवढे.

डिसेंबरात मी घरी येते आहे, वीस तारखेनंतर. तुम्ही येणार असाल तर तो तुकडा आणते, आणि हर्सूलच्या बाजूने सुरुवात करून नहरीच्या कडेकडेने एकेक मनोरा बघत पायी शहरात येऊ. सकाळी लवकर निघायचं. डबा आमच्या घरून.

---

जलधर

येतो. भिंग आणि हातोडी माझी.